आमची पायपेटी वेगळ्या थाटात आहे की वेगळ्या पट्टीत?

प्रश्न: पंचवटीकर

नमस्कार. आमचे नऊ जणींचे भजनी मंडळ पंचवटीत दर गुरुवारी संध्याकाळी आमच्या घरी जमते. साथीला आजेसासऱ्यांच्या वेळेपासून घरात असलेली पायपेटी असते. ती त्यांनी कुठून आणि कोणत्या साली आणली, हे सांगणारे आता घरात कोणी उरलेले नाही, पण भाता अजून घट्ट आहे आणि आवाज असा भरदार की ओट्यावर बसलेल्यांनाही शब्दन् शब्द सुरासकट ऐकू जातो. आम्ही सगळ्या जणी त्या पेटीच्या काळी चारमध्ये, म्हणजे सप्तकातली चौथी काळी पट्टी षड्ज (सा) धरून, गातो आणि आजवर त्यात काही अडचण आली नव्हती.

अडचण आली ती रामनवमीच्या तालमीत. मंडळातील एका ताईंचा भाचा बासरी शिकतो, तो साथीला आला होता. बासरीवर काळी चार असे लिहिलेले होते. मी पेटीवर काळी चार दाबली, त्याने षड्ज फुंकला, आणि दोन्ही सूर एकमेकांशी असे भांडू लागले की तबलजींनी उचललेली हातोडी तशीच खाली ठेवली. बासरी खाली पडत होती, म्हणून पेटीवर एक पट्टी उतरून पांढरी पाचवर आलो, तर आता बासरी वर राहिली. म्हणजे ती पेटीच्या दोन पट्ट्यांमधल्या फटीत कुठेतरी होती.

यानंतर प्रत्येकाने आपापले निदान सांगितले. घरी येऊन पेटी पाहून गेलेल्या एका दुरुस्ती करणाऱ्यांच्या मते ही पेटी 'खमाज थाटात लावलेली' आहे, म्हणून ती आजच्या वाद्यांशी जुळत नाही. माझी मुलगी कीबोर्ड शिकते. तिने मोबाईलवरच्या ट्यूनरने पाहिले, तर पेटीची मधल्या सप्तकातली पांढरी सहा ४४० ऐवजी ४५२ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ४५२ कंपने, दाखवत होती. मंडळातल्या एका काकूंनी भजनासाठी ४३२ हाच सूर योग्य, असे कुठेतरी ऐकले आहे.

मला समजून घ्यायचे आहे ते असे. ४४०, ४५२, ४३२ हे आकडे आणि थाट, या एकाच प्रकारच्या गोष्टी आहेत का? आमची पेटी वेगळ्या आकड्यावर असल्यामुळे इतकी वर्षे आम्ही भूप राग म्हणून जे गात होतो, ते भूप नव्हतेच की काय? आणि पेटी ४४० वर आणावी का?

उत्तर: गंगापूर रोडचा श्रोता

माझे मत स्पष्ट आहे. पेटी उतरवायचीच असेल तर ४४० वर न थांबता थेट ४३२ वर आणावी. ४४० हा आकडा परक्यांनी आपल्यावर लादलेला आहे. आपल्या प्राचीन संगीताचा षड्ज ४३२ च्या हिशेबाने असे, आणि त्या सुरात मन शांत होते, हा माझा स्वतःचा अनुभव आहे. शास्त्राचे जाणकार अधिक सांगतीलच.

उत्तर: तंबोऱ्याची खुंटी

पंचवटीकर ताई, तुमच्या गोंधळाचे मूळ बहुधा 'स्केल' या एका शब्दात आहे. आपल्याकडे गाणाऱ्याला 'तुमचे स्केल कोणते' असे विचारले की तो 'काळी चार' असे सांगतो, आणि कीबोर्डच्या वर्गात 'मेजर स्केल वाजव' असे म्हटले की तुमची मुलगी ठरावीक अंतरांचे सात सूर ओळीने वाजवते. शब्द एकच, पण पहिल्या वेळी तो षड्ज कुठे ठेवला आहे हे सांगतो आणि दुसऱ्या वेळी षड्जापासून पुढचे सूर किती किती अंतरावर आहेत हे सांगतो. पहिल्यासाठी मराठीत पट्टी हा चांगला शब्द रुळलेला आहे आणि दुसऱ्यासाठी थाट. मी वर्गात स्केल हा शब्द वापरू देत नाही, त्यावरून मुले हसतात ती गोष्ट वेगळी.

४४० हा आकडा या दोहोंपैकी काहीच सांगत नाही. काळी चार म्हणजे नेमकी किती उंच, पांढरी सहा म्हणजे नेमकी किती उंच, हे ज्या मापाने ठरवायचे ते माप म्हणजे ४४०. नाशिककरांना हे समजायला रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती पुरेसा आहे. गोदावरीला पूर आला की पाणी मारुतीच्या कमरेला लागले, छातीला लागले, असे आपण एकमेकांना विचारतो आणि सांगतो, आणि मूर्ती जागची हलत नाही म्हणूनच त्या बोलण्याला अर्थ असतो. समजा, ती मूर्ती कोणी हातभर उंच चौथऱ्यावर बसवली, तर 'कमरेला लागले' हे शब्द तेच राहतील, पण पाणी प्रत्यक्षात हातभर अधिक चढलेले असेल. तुमची पेटी आणि तो बासरीवाला मुलगा दोघेही 'काळी चार' असेच म्हणत होते, फक्त दोघांचे मारुती वेगवेगळ्या उंचीवर बसवलेले होते. ४४० च्या मापाने मधल्या सप्तकातली काळी चार सुमारे ४१५.३ हर्ट्झ येते आणि ४५२ च्या मापाने सुमारे ४२६.६. हे दोन सूर एकत्र वाजले की सेकंदाला अकरा हेलकावे ऐकू येतात. तबलजींनी हातोडी खाली ठेवली ती त्यामुळे.

आता थाट. थाट म्हणजे घाटाच्या पायऱ्या. एक पायरी किती उंच, पुढची किती, हा पायऱ्यापायऱ्यांमधला हिशेब. मूर्ती वर नेली काय किंवा खाली आणली काय, पायऱ्यांना त्याचे काहीही नसते. तुमच्या पेटीवर भूप वाजवताना षड्जापासून ऋषभ, गंधार, पंचम आणि धैवत यांची अंतरे जशी असायला हवीत तशी असतील, तर तो भूपच आहे, मग पांढरी सहा ४५२ ला असो, ४४० ला असो किंवा ४१५ ला. तेव्हा इतकी वर्षे तुम्ही भूपच गात होता, याबद्दल शंका बाळगू नये.

एक प्रयोग घरच्या घरी करून पाहा. पेटीच्या फक्त पांढऱ्या पट्ट्या घ्या, काळ्यांना हात लावू नका. पांढरी एकला षड्ज मानून वरच्या पांढरी एकपर्यंत गेलात की बिलावल थाट मिळतो. त्याच पट्ट्या, पण षड्ज पांढरी दोनवर धरला की काफी, तीनवर भैरवी, चारवर कल्याण, पाचवर खमाज आणि सहावर आसावरी. पांढरी सातवर धरलात तर शुद्ध पंचमच सापडत नाही, आणि म्हणून तिथून सुरू होणारा थाट आपल्याकडे नाही. या सगळ्या प्रयोगात एकाही पट्टीची उंची बदललेली नाही. बदलले ते एवढेच की घर कुठले, आणि घर बदलले की शेजाऱ्यांची अंतरे बदलली. यालाच मूर्च्छना म्हणतात, आणि पाश्चात्य मंडळी ज्यांना मोड म्हणतात ते पुष्कळ अंशी हेच. संगीतशास्त्राचे अभ्यासक भातखंडे यांनी मांडलेल्या दहा थाटांपैकी सहा या पद्धतीने पांढऱ्या पट्ट्यांवर मिळतात. भैरव, पूर्वी, मारवा आणि तोडी हे चार मात्र मिळत नाहीत, त्यांना काळ्या पट्ट्यांशिवाय गत्यंतर नाही.

तुमच्या भूपावर हाच प्रयोग केला तर अधिक गंमत येते. पांढरी एकपासून भूपाचे पाच सूर म्हणजे पांढरी एक, दोन, तीन, पाच आणि सहा. या पाच पट्ट्यांखेरीज दुसरी पट्टी दाबायची नाही. षड्ज दोनवर धरला की मधमाद सारंगाचे सूर येतात, तीनवर धरला की मालकंसाचे, पाचवर धरला की दुर्गाचे आणि सहावर धरला की धानीचे. पहिल्यांदा मालकंस निघाला तेव्हा माझ्या हातून भाता थांबला होता, हे मला अजून आठवते. मात्र सूर मिळाले म्हणजे राग मिळाला असे समजू नये. भूप आणि देशकार यांचे सूर तेच पाच आहेत, पण भूपात गंधार वादी, म्हणजे मुख्य स्वर, देशकारात धैवत वादी, आणि चालही वेगळी. थाट ही रागाची फक्त कच्ची सामग्री आहे.

तेव्हा दुरुस्ती करणारे जे म्हणाले की पेटी 'खमाज थाटात लावली आहे', त्याला काही अर्थ लागत नाही. पेटीला सप्तकातले बाराही सूर असतात. तिला कोणत्याही एका थाटात लावता येत नाही आणि लावायची गरजही नसते. सतारीचे पडदे सरकवून थाट लावतात, तेथून तो शब्द त्यांच्या तोंडी आला असावा.

आमच्या पद्धतीत षड्ज चल असतो, हे स्वरलिपी पाहिली की अधिक स्पष्ट होते. भातखंडे आणि विष्णु दिगंबर पलुस्कर या दोघांनी स्वतंत्र स्वरलिपी घडवल्या आणि दोघांच्या खुणांत पुष्कळ फरक आहे, पण कोणती पट्टी घ्यावी हे दोघांपैकी कोणाच्याच लिपीत लिहिलेले नसते. पलुस्करांनी आयुष्याच्या उत्तरार्धात आपल्या नाशकात रामनाम आधार आश्रम काढला. तिथे काळी एकमध्ये गाणाऱ्याने आणि काळी चारमध्ये गाणाऱ्याने एकच कागद समोर ठेवला असता तरी दोघांनी एकच राग गायिला असता. पाश्चात्यांच्या पाच रेघांवर मात्र प्रत्येक टिंबाला ठरलेली पट्टी असते, म्हणून तिथे मापाचा प्रश्न फार जुना आणि फार तापलेला आहे.

गंगापूर रोडच्या श्रोत्यांना नम्रपणे दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपने. आपल्या जुन्या ग्रंथांत सेकंदही नाही आणि कंपनांची मोजणीही नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात एक वीणा स्थिर ठेवून दुसरी श्रुतीश्रुतीने, म्हणजे अगदी बारीक अंतरांनी, उतरवत जाण्याचा प्रयोग आहे, आणि सतराव्या शतकातील अहोबलाने 'संगीत पारिजात'मध्ये स्वरांच्या जागा वीणेच्या तारेच्या लांबीवरून सांगितल्या आहेत. दोन्हीकडे मोजली आहेत ती स्वरास्वरांमधली अंतरे. तेव्हा प्राचीन षड्जाचा आकडा ४३२ होता असे म्हणायला आधार उरत नाही. ४३२ चा आग्रह धरणाऱ्यांत एक मोठे नाव आहे ते इटलीच्या व्हर्दी या संगीतकाराचे, आणि तो १८८४ मधला आहे. म्हणजे परकेपणाचाच आक्षेप घ्यायचा तर तो ४३२ वरही तितकाच लागू होतो. तुम्हाला शांत वाटते, याबद्दल मला काही म्हणायचे नाही. ४४० वरून ४३२ वर आले की सूर सुमारे ३२ सेंट उतरतो, म्हणजे दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराच्या एक तृतीयांशाइतका, आणि गळ्यावरचा ताण तेवढा कमी होतो.

४४० सुद्धा कोणाच्या स्वप्नात आलेला आकडा नाही. फ्रान्सने १८५९ मध्ये कायद्याने ४३५ ठरवला होता. त्याच सुमारास लंडनमधले वाद्यवृंद चढत चढत ४५२ च्या आसपास पोहोचले होते, कारण थोडा चढा सूर अधिक चमकदार वाटतो आणि शेजारच्यापेक्षा आपण चमकावे असे प्रत्येकाला वाटते. या ओढाताणीतून १९३९ च्या लंडनच्या परिषदेत ४४० वर एकमत झाले आणि आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १९५५ मध्ये तीच शिफारस केली. युरोपचे सतराव्या-अठराव्या शतकातले संगीत जुन्या धाटणीने वाजवणारे कलाकार आजही बहुधा ४१५ धरतात. त्यांची पांढरी सहा म्हणजे आपल्या नव्या पेटीची जवळजवळ काळी चार, आणि तरीही त्यांच्या रचनांचा मोड बदलत नाही. तुमच्या पायपेटीचा आकडा ४५२ निघाला, हे वाचून मला त्या जुन्या चढ्या मापाची आठवण झाली.

उत्तर: पेटीवाला, जुने नाशिक

वरचे उत्तर योग्यच आहे. मी फक्त हातातल्या कामापुरते सांगतो.

एका पट्टीवरून पेटीचे माप ठरवू नये. पांढरी सहा ४५२ दाखवते याचा अर्थ दोन प्रकारे लावता येतो. एक तर सगळी पेटीच त्या मापाने घडवलेली आहे, किंवा ती एकच पट्टी बेसूर झालेली आहे. म्हणून मुलीला सांगावे की ट्यूनर ४४० वरच ठेवून खालपासून वरपर्यंत प्रत्येक पट्टी वाजवावी आणि ती किती सेंट वर किंवा खाली दाखवते ते कागदावर लिहावे. दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट. ४५२ हा ४४० पेक्षा जवळजवळ ४७ सेंट चढा आहे, म्हणून बासरी दोन पट्ट्यांच्या बरोबर मध्ये सापडली. सगळ्या पट्ट्या सारख्याच चढ्या निघाल्या तर पेटी सुरात आहे, फक्त तिचे माप जुने आहे. एक ४७, दुसरी १५, तिसरी ६० असे निघाले तर पेटी बेसूर आहे, आणि तेव्हा मात्र भूपाचा गंधार खरोखरच जागेवर नसेल. या दोन दोषांत लोक नेहमी गल्लत करतात. भाता एकसारखा मारावा, कारण हवा जोरात गेली की सूर किंचित हलतो.

पेटी उतरवण्याबद्दल मी सावध करीन. पेटीचा सूर पितळी जिभेतून येतो आणि तो बदलण्याचा नेहमीचा उपाय म्हणजे जीभ घासणे. टोकाकडे घासली की सूर चढतो, बुडाशी घासली की उतरतो. उतरवायचे तर बुडाशी घासावे लागणार, आणि वाजताना जीभ नेमकी तिथेच वाकते. ४७ सेंट उतरवण्याइतके पितळ काढले तर जुनी जीभ वर्षा-दोन वर्षांत तुटण्याचे भय असते. ४३२ वर आणायचे तर ७८ सेंट, म्हणजे एका पट्टीच्या पाऊण भागाहून अधिक. तुमच्या पेटीत जिभांचे दोन संच असतील तर हे काम ७०-८० जिभांवर करावे लागेल. मी पैशांसाठीही असले काम घेत नाही. 'स्केल चेंजर' पेटीत पट्ट्यांची फळी सरकवून षड्ज बदलतो असे काही जण सुचवतील, पण तीही एकेका पूर्ण पट्टीनेच सरकते आणि तिच्या जिभा ज्या मापाच्या त्याच मापाच्या राहतात. तुमची अडचण अर्ध्या पट्टीची आहे.

बासरी कापून चढवावी असे कोणी म्हटले तर त्या मुलाला थांबवा. खालून बासरी कापली की सगळी सहा छिद्रे बंद असतानाचा सूर, म्हणजे मंद्र (खालच्या सप्तकातला) पंचम, तेवढा चढेल आणि बाकीचे सूर जवळजवळ जागीच राहतील. असे केल्याने पट्टी बदलत नाही, अंतरे मात्र बिघडतात. तालमीच्या वेळी बासरी थोडी तापवून घ्यावी हेही खरे. नळीतली हवा एका अंशाने तापली की सूर सुमारे तीन सेंट चढतो, त्यामुळे नाशिकच्या थंडीतल्या पहाटे बासरी खाली वाटते आणि दहा मिनिटे वाजवल्यावर वर येते. पण त्याने ४७ सेंटची फट बुजणार नाही.

वरच्या उत्तरात एक गोष्ट राहिली, ती पेटीवाला म्हणून मीच कबूल करतो. पेटीचे बारा सूर सारख्या अंतरावर बसवलेले असतात. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून आपोआप ऐकू येणारा गंधार हा पेटीच्या शुद्ध गंधारापेक्षा जवळजवळ १४ सेंट उतरलेला असतो. हा फरक मापाचाही नाही आणि थाटाचाही नाही, ही तिसरीच बाब आहे, आणि ४४० चे ४३२ केल्याने ती तिळभरही सुधारत नाही.

उत्तर: सिडकोची गायिका

वरचे सगळे पटले, पण एक शंका आहे. पट्टी किंवा माप बदलल्याने राग बदलत नाही हे मान्य, तरी काळी चारमध्ये म्हटलेला अभंग काळी दोनमध्ये म्हटला की तो तसाच राहत नाही, हा माझा पंधरा वर्षांचा अनुभव आहे. काळी दोनमध्ये मला मंद्रातला पंचम लागत नाही आणि अंतरा सपक होतो. त्याला काय म्हणायचे?

उत्तर: तंबोऱ्याची खुंटी

त्याला गळा म्हणायचे. तुमचा अनुभव खरा आहे आणि तो पट्टीचाच परिणाम आहे, फक्त तो तुमच्या गळ्यातून येतो, थाटातून येत नाही. प्रत्येक गळ्याचा एक पट्टा असा असतो जिथे आवाज खुलतो. पट्टी उतरवली की तार षड्ज त्या पट्ट्याच्या आत येतो, पण मंद्र बाहेर पडतो. वाद्यांचेही तसेच आहे. काळी एकला बांधलेला तबला काळी चारपर्यंत ताणला तर शाई बोलत नाही, आणि तंबोऱ्याच्या तारा फार सैल सोडल्या की जवारी, म्हणजे तारेचा घुमारेदार झंकार, उघडत नाही. म्हणून पट्टी निवडणे हे गाण्यातले एक महत्त्वाचे काम आहे, आणि त्यात संकोच करू नये. मी एवढेच म्हणतो की त्या बदलाला रागाचे नाव देऊ नये.

तुमच्या मंडळात पुरुष गायक असतील तर दोन्ही गोष्टी एकाच वेळी अनुभवता येतील. स्त्री आणि पुरुष यांच्या पट्ट्या वेगळ्या असल्यामुळे एकत्र गाताना कोणाला तरी ताण पडतोच. पंडित जसराजांच्या कल्पनेतल्या जसरंगी जुगलबंदीत यावर तोडगा आहे. पुरुषाचा मध्यम हा स्त्रीचा षड्ज धरायचा. पुरुषाने पांढरी पाचला षड्ज मानून दुर्गा गायिला आणि स्त्रीने वरच्या पांढरी एकला षड्ज मानून भूप गायिला, तर दोघांनी मिळून वापरलेल्या पट्ट्या त्याच पाच असतात. पेटीवाल्याला दुसरी पट्टी दाबावीच लागत नाही, आणि तरीही ऐकणाऱ्याला दोन राग स्पष्ट ऐकू येतात. या उदाहरणातल्या पट्ट्या गळ्याला सोयीच्या नाहीत, त्या समजण्यापुरत्या घेतल्या आहेत. तुमच्यासाठी पुरुषाने काळी दोन आणि तुम्ही काळी चार घ्यावी.

उत्तर: पंचवटीकर

सर्वांचे मनापासून आभार. रविवारी दुपारी मुलगी कागद घेऊन बसली आणि मी भाता मारला. एकोणचाळीस पट्ट्यांपैकी अडतीस पट्ट्या ४४ ते ४९ सेंट वर निघाल्या. मंद्रातली काळी दोन तेवढी फक्त २० सेंट वर होती, म्हणजे आपल्या शेजाऱ्यांपेक्षा उतरलेली. पेटीवाले दादांच्या म्हणण्याप्रमाणे ती बेसूर, असे धरून झाकण उघडले, तर त्या जिभेच्या टोकावर कसलातरी चिकट धुरळा बसलेला दिसला. मऊ कुंचल्याने तो हळूच काढला आणि ती ४६ वर आली. म्हणजे आमची पेटी सुरात आहे आणि तिचे माप जुने आहे. तिला आता कोणी हात लावणार नाही.

तंबोऱ्याच्या ॲपमध्ये मूळ सूर ४५२ करण्याची सोय निघाली, आणि तबलजी तर पूर्वीपासूनच पेटीला कान लावून तबला चढवत आलेले आहेत, त्यामुळे त्यांना यातले काहीच नवे नव्हते. ४३२ च्या काकूंनी पांढऱ्या पट्ट्यांचा प्रयोग स्वतः करून पाहिला आणि पांढरी तीनवरून भैरवी निघाल्यावर त्या बराच वेळ पेटीवरून उठल्याच नाहीत. सिडकोच्या ताईंना सांगायचे म्हणजे, दुर्गा आणि भूप एकत्र गाण्यासाठी आमच्याकडे पुरुष गायक नाही. तबलजींना विचारले, तर त्यांनी मान हलवली, पण ती होकारार्थी की नकारार्थी हे कळले नाही.

राहता राहिली बासरी. त्या मुलाने बासरी करून देणाऱ्यांना फोन केला, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न 'स्केल कोणते' हाच विचारला. मुलाने काळी चार, पण पांढरी सहा ४५२ धरून, असे सांगितले. त्यावर त्यांनी आकडा लिहून घेतलाच, आणि शिवाय पेटीची काळी चार मिनिटभर दाबून तिचे रेकॉर्डिंग पाठवायला सांगितले. पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये कुकरची शिट्टी आली, म्हणून दुसरे करून पाठवले आहे.